पडदे-खुर्च्यांतील रसायनही विचारा

महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हापासून सहज पेट न घेणाऱ्या पडद्या-खुर्च्यांची मागणी माझ्यासारखे अनेकजण करत आहेत. मात्र हा गुण कोणत्या रसायनाने येतो, हे आपण विचारत नाही. नुकतेच घरच्या जुन्या सोफ्याचे कव्हर उसवले, तर आतल्या फोमची पिवळट भुकटी फरशीभर सांडली. पूर्वी फोममध्ये वापरले जाणारे पेंटा-बीडीई हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक अशाच धुळीतून रांगत्या मुलांच्या तोंडात जाते. २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले आणि भारतानेही २०१८ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली. परंतु त्याच्या जागी जे क्लोरीनयुक्त ट्रिस हे दुसरे अग्निरोधक आले, ते २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कर्करोगकारकांच्या यादीत जाऊन बसले. याला पर्याय कसे म्हणावे?

केबलच्या आवरणासाठी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बरे, कारण तापल्यावर ते पाणी सोडते, अर्थात ते भरपूर मिसळावे लागते. कापडासाठी लोकर विचारात घ्यावी. आपल्या घोंगडीवर ठिणगी पडली, तर ती भडकत नाही, काळी पडून विझते. सार्वजनिक खरेदीच्या निविदांत अग्निचाचणीच्या दाखल्याबरोबर वापरलेल्या रसायनाचे नावही बंधनकारक करावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर