‘ऊरुभंग’ समजावून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी बसवून तुम्ही आम्हाला भास या प्राचीन संस्कृत नाटककाराचं ‘ऊरुभंग’ हे नाटक ओळीओळीनं समजावून दिलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, असं फार मनात होतं.

ते बसवताना आमच्या हौशी नाटकमंडळींत वाद होता तो भीमावरून. नायक दुर्योधन, मग त्याचा वैरी रंगमंचावर नको का? गदायुद्ध दिसायला नको का? तुम्ही संहिताच पुढे ठेवलीत. भासानं ते युद्ध तीन सैनिकांच्या तोंडून सांगितलंय. भीमाच्या वाट्याला एकही वाक्य नाही. आणि त्या वर्णनातच दोघांची तुलना होऊन जाते. भीम कोसळतो तेव्हा दुर्योधन त्याला धीर देतो, की भिऊ नकोस, संकटात सापडलेल्यावर वीर घाव घालत नाही. मग कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करतो आणि भीम उठून दुर्योधनाच्या मांड्या फोडतो.

तरीही तुम्ही भीमाला खलनायक होऊ दिलं नाहीत, याचं मला विशेष वाटतं. द्यूतसभेतली त्याची प्रतिज्ञा तुम्ही आठवून दिलीत. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त हाच भीम दुर्योधनाच्या रक्तानं माखलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी घालतो आणि तिथे तो वीर ठरतो, हेही दाखवलंत. शिवाय द्रौपदीचे केस ओढले, अभिमन्यूला मारलं, पांडवांना वनात धाडलं, हा पाढा ‘ऊरुभंगा’त दुर्योधन स्वतःच अश्वत्थाम्यापुढे वाचतो. संतापलेल्या बलरामाला तो आवरतो ते ‘वैरं च विग्रहकथाश्च वयं च नष्टाः’ असं म्हणून. वैर संपलं, भांडणाच्या गोष्टी संपल्या, आम्हीही संपलो. हे म्हणणारा माणूस मला भीमापेक्षा मोठा वाटतो. भीमाची बाजू न्यायाची असूनही वाटतो.

पण खरी किल्ली तुम्ही शेवटी दिलीत, ‘मध्यमव्यायोग’ शेजारी ठेवून. तिथे भीमाला त्याचा घटोत्कच भेटतो, बापलेकांची ओळख पटते. इथे दुर्योधनाचा छोटा मुलगा दुर्जय सवयीनं मांडीवर बसायला येतो आणि दुर्योधनाला सांगावं लागतं, की बाळा, आता कुठेही बैस, ही तुझी नेहमीची जागा उरली नाही. दोन्ही नाटकं भासाच्याच नावावर, १९१२ पासून गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून छापलेल्या तेरा नाटकांतली. ती अशी एकत्र वाचायची आम्हाला कुठली बुद्धी होणार होती!

परवाच्या तालमीत दुर्जयचं काम करणाऱ्या मुलानं पळत येऊन मांडीवर बसकण मारली. दुर्योधन झालेल्या आमच्या मित्राचे दोन्ही हात त्याला धरायला पुढे आले आणि मध्येच थांबले. हे कुणी बसवलेलं नव्हतं. वाक्य यायला वेळ लागला. कुणी प्रॉम्प्ट केलं नाही. तुमच्याकडे तो प्रवेश वाचला नसता तर आम्ही हा क्षण गदायुद्धाच्या दणदणाटात घालवला असता.

भीम पडद्याआडच राहणार, हे आता पक्कं झालंय. तारीख ठरली की मी स्वतः तुम्हाला न्यायला येईन. आणि तुमची तब्येत साथ देत असेल तर पावसाळ्यानंतर भासाचंच ‘कर्णभार’ वाचायला यायची परवानगी द्या.

तुमची विद्यार्थिनी,
आणि तालमीतले सगळे
वडोदरा