कासच्या फुलांखालचा दगडही छापावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण कास पठारावरील फुलांची पानभर रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तेरड्याचा गुलाबी उतार फारच सुरेख टिपला आहे. मात्र सहा छायाचित्रांपैकी एकातही दगड दिसत नाही, आणि गेली २२ वर्षे दर पावसाळ्यात कॅमेरा घेऊन या पठारावर जाणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला ही उणीव मनापासून खटकली. कासची फुले ही तिथल्या दगडाचीच करणी आहे. दगड चौकटीबाहेर गेला की मागे नुसता रंग उरतो, आणि तो कोणत्याही बागेतला असू शकतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वर आला, पसरला, थिजला आणि थरावर थर चढत जाऊन आपला काळवत्री (बेसॉल्ट) दगडाचा सह्याद्री उभा राहिला. सह्याद्रीतला कोणताही कडा दुरून पाहिला तर हे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात, आणि घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला अनेक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्याची ती खूण आहे. कासच्या माथ्यावर मात्र काळवत्री उघडा नाही. तिथे जांभ्याची टोपी आहे. लक्षावधी वर्षांच्या ऊनपावसात मूळ खडकातली सिलिका आणि चुन्यासारखी द्रव्ये धुपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि त्यातून हा तांबडा, सच्छिद्र दिसणारा पण वरून कमालीचा टणक कातळ तयार झाला. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही, पावसाळ्यात पाणी साचून राहते, मातीत नत्र जेमतेम असते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा जागी चार महिन्यांत रुजून, फुलून, बी धरून मोकळे होणाऱ्या वनस्पतीच टिकतात. म्हणूनच सप्टेंबरात तिथे गालिचा दिसतो.

हे सारे एका छायाचित्रात मावते, हे मी अनुभवाने सांगतो. पठारावर माझ्या ओळखीचा एक खळगा आहे, जेमतेम परातीएवढा. ऑगस्टमध्ये त्यात दोन बोटे पाणी असते आणि त्यातून सीतेच्या आसवांची निळसर जांभळी फुले वर आलेली असतात. त्यांच्या धाग्यांसारख्या बारीक भागांवर मोहरीहूनही लहान फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला, की पापणी लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. खळग्याच्या काठावर, ओल्या जांभ्याला चिकटून, दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती असते. तिच्या तांबूस केसांच्या टोकांवर चकाकणारे थेंब दवाचे नसून चिकट द्रवाचे असतात. मातीतून जे नत्र मिळत नाही, ते या दोघी किड्यांकडून घेतात. केवळ फूल जवळून टिपले, तर हे काहीच कळत नाही. रुंद कोनाची लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर धरली, की पुढे फूल, त्याखाली पाणी, काठाचा तांबडा कातळ आणि मागे धुक्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला सह्याद्री अशी पूर्ण हकिगत एका चौकटीत येते. यासाठी ऊन नको, ढगाळ सकाळच हवी. उन्हात ओला जांभा चमकून त्याचा रंगच हरवतो.

याच संदर्भात एक गोष्ट खेदाने लिहावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका छायाचित्रण शिबिरात सहभागी झालो होतो. कंदीलपुष्पाचे एकच झाड सापडले आणि वीस जण आळीपाळीने त्याच्यासमोर आडवे झाले. पार्श्वभूमी स्वच्छ यावी म्हणून भोवतीचे गवत कोणीतरी उपटून टाकले, आणि आम्ही परतलो तेव्हा त्या जागेवरची गेंदाची फुले चिखलात पार चेपली गेली होती. मीही त्या वीस जणांत होतो, याचे मला आजही वाईट वाटते. इथे वाढणाऱ्या वायतुरा या वनस्पतीच्या तर शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे. इतक्या थोड्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत एका टाचेचे मोलही फार असते. उघड्या कातळावर पाय ठेवावा, हिरव्यावर ठेवू नये, एवढे पथ्य पाळायलाही आधी कातळ दिसावा लागतो.

छायाचित्रात दगड दिसावा याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आहे. पण असे जांभ्याचे माथे सह्याद्रीत इतरत्रही आहेत आणि कोकणात त्यांना सडा म्हणतात. पीक निघत नाही म्हणून अशी जमीन पोटखराबा ठरते, आणि मग तिथे चिऱ्याची (बांधकामाच्या जांभ्या दगडाची) खाण काढताना किंवा रस्ता नेताना आपण काही गमावतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही. मे महिन्यातला तो करपलेला कातळ आणि सप्टेंबरातला बहर ही एकच जागा आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

म्हणून आपणांस विनंती आहे, की पुढील वर्षी फुलांच्या पानावर एकाच जागेची मे आणि सप्टेंबरमधली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, फुलाच्या नावाबरोबर खालच्या खडकाचेही नाव द्यावे, आणि दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा मात्र देऊ नये. वर लिहिलेल्या खळग्याची मी स्वतः काढलेली अशी दोन छायाचित्रे माझ्याकडे आहेत. आपल्या उपयोगी पडणार असतील तर ती कोणतेही मानधन न घेता पाठवीन.

आपला नियमित वाचक,
सातारा