बाल्कनीची केबिन घेऊ नको

पाथरी, जि. परभणी
रविवार, रात्री

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "पाण्यावर कशाला जायचं" म्हणालो आणि तू "बरं बाबा" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते "बरं बाबा" मला ओळखू येतं. परळीच्या लग्नानंतर तू असंच म्हणाली होतीस आणि पंधरा दिवस फक्त आईशी बोललीस. म्हणून या वेळी मी आधीच लिहायला बसलो. कागद पोस्टाने पाठवतोय. फोटो काढून पाठवायला आईला सांगितलं असतं, पण यातला थोडा भाग तिला दाखवायचा नाही.

तू साधं विचारलं होतंस, दोनपैकी कोणतं जहाज घेऊ. मी साधं उत्तर द्यायला हवं होतं. ते आता देतो. तीन दिवस हाच अभ्यास चालू आहे. शेजारच्या वहिनींचा धाकटा मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर आलाय. त्याच्याकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो आणि सगळं वहीत उतरवून घेतलं.

मुंबईचं एम्प्रेस १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, लांबी २११ मीटर. सिंगापूरचं गेंटिंग ड्रीम जर्मनीत बांधलेलं, २०१६ चं, लांबी ३३५ मीटर. ३३५ मीटर म्हणजे किती ते कळावं म्हणून काल सकाळी आपल्या फाटकापासून पावलं मोजत निघालो, तर थेट पिठाच्या गिरणीच्या पुढे गेलो. एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं. तुझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर डोक्यावरून माती वाहायची आणि सुकडी खाऊन दिवस काढायची. तिने समुद्र कधी पाहिला नाही. तिची नात आज मला विचारते की बाबा, कोणत्या जहाजावर जायचं. हे मी फोनवर बोलायला हवं होतं, पण ऐन वेळी तोंडातून भलतंच निघालं.

तर जहाजाचं. मोठं जहाज कमी डोलतं, त्यामुळे त्या एका बाबतीत सिंगापूरचं चांगलं. शिवाय ते पिनांगकडे, फुकेतकडे जातं ते मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. तिथे एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया, मध्ये पाण्याची गल्ली, त्यामुळे मोठ्या लाटा उठायला जागाच मिळत नाही. आपला अरबी समुद्र मोकळा. पण जानेवारी-फेब्रुवारीत तोही शांत असतो असं वहिनींचा पोरगा म्हणाला. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशासारखे पर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. म्हणजे जानेवारीत मुंबईहून गेलो तर फार त्रास व्हायचं कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र अजिबात नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जून हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. तौक्ते आठवतं ना, मे २०२१ मधलं? मुंबईसमोर पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हा मी रात्रभर टीव्हीपुढून उठलो नव्हतो. तू तर त्या वेळी पुण्यात, घरात बसलेली होतीस. पण पाणी म्हटलं की मला असं होतं.

जावई म्हणतात मुंबईचं जहाज जुनं आहे. मला त्याची तेवढी धास्ती नाही. जायकवाडीची दारं तुझ्या जन्माच्या आधीपासून आहेत, सत्तावीसच्या सत्तावीस, आणि अजून वर-खाली होतात, कारण त्यांची देखभाल होते. प्रवासी जहाजाचं सुरक्षेचं प्रमाणपत्र एका वर्षाचंच असतं, दरवर्षी नव्याने तपासणी होते. पाच वर्षांत किमान दोनदा ते कोरड्या गोदीत घेऊन बुडापासून बघतात. लोखंडाला वय नसतं, त्याला माणूस लागतो बघणारा.

मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या पाण्याचं. जहाजावर समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतात. हजारो माणसांची अंघोळ, स्वयंपाक, वर पोहायचा हौद. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा काका रात्री दोनला टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे होते आणि मला फोनवर म्हणाले, "दादा, तुम्ही पाण्याच्या खात्यात, आणि आम्ही बघा." तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. ते यंत्र मला बघायचंय. जहाजावर दाखवतात का ते विचारून ठेव.

सिंगापूरला न जायचं खरं कारण घरातलंच आहे. आईचा पासपोर्ट नाही, आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. ते सुधारून घ्यायला किती खेटे पडतील ते तुला ठाऊक आहे. मग व्हिसा, विमान, तिचे गुडघे. मुंबईचं म्हणजे परभणीला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर रिक्षाच्या पल्ल्यावरही नाही, टॅक्सीत बसेपर्यंत येतं. आई तर म्हणते, "कुठलं का असंना, मला एकदा समुद्रावर झोपून बघायचंय." चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे असं काही मागितलेलं मला आठवत नाही.

मुंबईच्या जहाजातही फेऱ्या वेगवेगळ्या आहेत. लक्षद्वीपची घेऊ नको. फोटोत ते पाणी फार सुंदर दिसतं, निळं-हिरवं, मलाही मोह झाला. पण तिथे एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांत उतरवून बेटावर नेतात. जहाज हलतंय, होडीही हलतेय, आणि मधल्या फटीवरून पाय टाकायचा. आईचे गुडघे, आणि तुझा पिंट्या कडेवर. हवा बिघडली तर उतरवतही नाहीत. गोव्याची फेरी घे. गोव्याला मुरगावच्या धक्क्याला जहाज लागतं, शिडीवरून सरळ चालत उतरायचं.

पैशाचं एक सांगतो, रागावू नको. जाहिरातीतला आकडा माणशी असतो. त्यावर बंदराचा आकार, जीएसटी, नोकरांची बक्षिशी हे वेगळं लागतं. सगळं मिळून किती ते एका कागदावर लिहून घे आणि मगच पैसे भर. निम्मे माझ्याकडून. नाही म्हणू नको. पेन्शन आहे, आणि माझा खर्च तो काय.

केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घे. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जहाज जास्त डोलतं. तुला लहानपणी एसटीत जालन्याच्या पुढे गेलं की उलट्या व्हायच्या. लिंबू आणि आलेपाक आई घेईलच, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून. खिडकीची केबिन घे. बाल्कनीची घेऊ नको.

कठड्याचं मी लिहिणार नव्हतो. फोनवर त्याचंही बोललो होतो आणि त्यावरूनच तू चिडलीस. तू म्हणालीस, "बाबा, लाखो लोक जातात, त्यांना लेकरं नसतात का?" बरोबर आहे तुझं. मी विचारलंय, कठडा किमान एक मीटर उंच असावा असा जहाजांचा नियम आहे. एक मीटर पिंट्याच्या डोक्याइतकं झालं. नुसता उभा राहिला तर तो पलीकडे जाऊ शकत नाही, हे मला कळतं. पण बाल्कनीत खुर्ची असते ना, ताई. ती प्लास्टिकची नाहीतर वेताची हलकी खुर्ची. चार वर्षांचं पोरगं ती ओढतं. आपल्या ओट्यावर दिवाळीत त्याने स्टूल ओढून तुळशीच्या कट्ट्यावर चढून दाखवलंच होतं, आणि आपण सगळे हसलो होतो.

आता तो भाग लिहितो, जो आईला दाखवायचा नाही.

तू कालव्यात पडलीस ते तुला धूसर आठवत असेल. घरात ते असं सांगितलं जातं की बाबा शेजारीच उभे होते आणि त्यांनी लगेच धरलं. तसं झालं नव्हतं. तू पाच वर्षांची होतीस, रब्बीचं दुसरं आवर्तन चालू होतं. सकाळी कालव्यातल्या पाण्याच्या उंचीचं गेज बघायला जाताना तू मागे लागलीस म्हणून सायकलवर पुढे बसवून नेलं. बायका धुणं धुतात त्या पायऱ्यांवर तुला बसवलं, "हलू नको" म्हणालो. गेज वाचलं, १.८५. वही उघडली, आकडा लिहिला. वर बघितलं तर पायरीवर तुझी एकच चप्पल होती.

दुसरी पाण्यात पडली होती आणि ती घ्यायला तू वाकलीस. पंधरा-वीस फुटांवर तुझी पिवळी रिबीन दिसली, पाण्याच्या वरच, आणि मग दिसेना. कालव्याच्या उतारावर शेवाळ असतं, पाय ठरत नाही, हे रोज लोकांना सांगणारा माणूस मी. मला पोहता येत होतं म्हणून तुझा फ्रॉक हाताला लागला. पाटकरी धावत आला नसता तर दोघांनाही वर येता आलं नसतं. त्याने त्याचं धोतर सोडून टाकलं, त्याला धरून वर आलो. तू खोकलीस, आणि पहिलं वाक्य बोललीस, "माझी चप्पल."

तीन आकडे लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ मी तुझ्याकडे बघत नव्हतो. २०८ किलोमीटरचा डावा कालवा, त्यावर एकतीस वर्षं नोकरी केली. कुणाकुणाची लेकरं दारापाशी अडकलेली काढली, त्यांच्या आयांना निरोप मी दिले. आणि स्वतःच्या लेकराच्या वेळी मी वहीत बघत होतो.

आठवीत तुझ्या शाळेचा पोहण्याचा वर्ग होता. फॉर्मवर मी सही केली नाही. तू दोन दिवस जेवली नाहीस. मी म्हणालो होतो की अभ्यास बुडतो. ते खोटं होतं. तुला पोहायला शिकवायचं काम खरं तर मीच करायला हवं होतं, आणि नेमकं तेच मी अडवलं. मग तिशीत तू पुण्यात स्वतःहून क्लास लावलास आणि आईच्या फोनवर हौदातला फोटो आला, डोक्यावर ती रबरी टोपी. मी तो फोटो कुणालाही न सांगता माझ्या फोनवर घेतला. अजून आहे. बँकेत पासबुक भरायला गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरलाही दाखवला.

बघ, लिहायचं होतं जहाजाचं.

चार गोष्टी तरी ऐक. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना जमवून कवायत घेतात, आणीबाणीत कुठे जायचं ते दाखवतात. त्या वेळी फोटो काढत बसू नका, लक्ष द्या. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, हे जावयांनाही सांग. केबिनमधलं लाइफ जॅकेट मोठ्या माणसांचं असतं. लहान मुलांची वेगळी ठेवलेली असतात, जहाजावर पाय ठेवल्याबरोबर पिंट्याच्या मापाचं मागून घे आणि एकदा घालून बघ. हौदापाशी त्याला एकट्याला सोडू नको. जावई बघतायत असं तुला वाटेल आणि तू बघतेयस असं त्यांना, तसं होऊ देऊ नका. कुणी एकाने "मी बघतोय" असं तोंडाने म्हणायचं. कालव्यावर आम्ही दारं उघडताना असंच मोठ्याने म्हणायचो.

पुन्हा मी साहेबासारखा बोलायला लागलो. तू नोकरी करतेस, घर चालवतेस, लेकरू सांभाळतेस, तुला हे सगळं कळतं. माफ कर. पण कागद फाडून परत लिहीत नाही, परत लिहिलं तरी हेच येईल.

आणि तुम्हा दोघांना बाल्कनीच हवी असेल, सकाळी उठून दारातून समुद्र बघायचा असेल, तर घ्या. तुमची हौस आहे, मी आड येत नाही. फक्त खुर्च्या आत आणून ठेवा, आणि दाराला वरच्या बाजूला कडी आहे का ते बुक करायच्या आधी विचार. आमची केबिन शेजारचीच घे. मला पहाटे चारला जाग येते, तेव्हा पिंट्या उठला तर त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याला घेऊन आतल्या बाजूने फिरेन.

आईने माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली आहे. जानेवारीला अजून किती दिवस आहेत, पण मी काही बोललो नाही. जावयांना नमस्कार. पिंट्याला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. दिवाळीत आपल्या मधल्या दाराच्या चौकटीवर पिंट्याच्या उंचीची पेन्सिलीने खूण केली होती. आज टेप लावून मोजली, ९८ सेंटिमीटर भरली. आता वाढला असेल. त्याला भिंतीला टेकवून, चप्पल काढून, नीट मोज आणि मला कळव.