पाण्याचा हक्क विकाऊ नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपण सारे जाणतो. त्यानंतर चाललेल्या दाव्याची आठवण मात्र फारशी निघत नाही. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, तरीही सत्याग्रहानंतर काही सवर्ण रहिवासी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध न्यायालयात गेले आणि हे तळे स्पृश्य वर्गाची खासगी मालमत्ता असल्याचे जाहीर करावे, अशी मागणी त्यांनी केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील १९३७ साली फेटाळले. पाणी एकदा खासगी ठरले की ते कोणी प्यावे हेही मालकच ठरवतो, म्हणून पाण्याच्या खासगीकरणाचा विषय निघाला की मला प्रथम हा दावा आठवतो.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये हे नदीच्या बाबतीत घडले. अविभाजित मध्य प्रदेशाच्या काळात, १९९८ साली, दुर्ग जिल्ह्यातील शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा बोरई औद्योगिक वसाहतीच्या पाणीपुरवठ्यासाठी २२ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे गेला. वसाहतीत पाण्याची उचल कमी झाली तरी सरकारी महामंडळाने दररोज किमान ४० लाख लिटरचे पैसे मोजायचे, अशी त्यात अट होती. काठावरच्या मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या नदीत जाळे टाकण्यास मज्जाव झाला. ज्यांचे जगणे त्या पाण्यावर होते, त्यांना करार करताना कोणी विचारलेही नव्हते. वास्तविक नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या प्रकरणात १९९६ सालीच स्पष्ट केले होते.

आपल्याकडे नदी विकलेली नाही, परंतु महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये पाण्याच्या हक्काच्या हंगामी किंवा वार्षिक खरेदी-विक्रीचे निकष ठरवण्याची तरतूद आहे, आणि मला तीच अधिक चिंतेची वाटते. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे पाणी वळण्याची वाट कायद्यानेच मोकळी होते. ज्याला जमीनच नाही, तो तर या व्यवहारात कोठेच नसतो.

मी पुरंदर तालुक्यातला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनी आमच्याच तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यायचे ठरले: माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि उसाला पाणी मिळत नसे. योजनेच्या खर्चाचा वाटा लाभार्थी स्वतः उचलत. म्हणजे पाणी फुकट नव्हते. ते विकाऊ मात्र नव्हते, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पाणीपट्टी भरलीच पाहिजे, आणि जलवाहिनी दुरुस्त करण्याचे काम ठेकेदाराला देण्यासही माझा विरोध नाही. परंतु कोणाला किती पाणी मिळेल आणि कोणत्या दराने, हे ठरवण्याचा अधिकार ठेक्याने देता येत नाही. म्हणून अधिनियमातील हक्कविक्रीची तरतूद विधिमंडळाने वगळावी, आणि पाण्याविषयीचा कोणताही दीर्घ मुदतीचा करार सही होण्याआधी त्याच्या सर्व अटींसह मराठीत ग्रामसभेपुढे किंवा नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे वाचून दाखवावा, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, ता. पुरंदर, जि. पुणे