इन्चार्ज सिस्टर, तुमच्या निळ्या फाइलचे आभार

आदरणीय इन्चार्ज सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकांना ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचं सभासद करून घेण्यात तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार मुद्दाम उघड पत्रातून मानतो आहोत. तुमची पद्धत दुसऱ्या रुग्णालयांनाही उचलता येईल. ‘सभासद व्हा’ असा मेसेज वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की चार अंगठे येतात, फॉर्म एकही येत नाही. तुम्ही ग्रुपवर एक ओळ टाकली नाहीत.

पहिला अडथळा ठरलेला असतो: “मी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर्ड आहे की, आता हे आणखी कशाला?” त्यावर तुमचं उत्तर आम्ही आता जसंच्या तसं वापरतो. कौन्सिलची नोंदणी म्हणजे काम करायचा परवाना, ती नसली तर ड्युटीवर उभं राहता येत नाही. पगार, भत्ते, बदल्या हे युनियनचं काम. असोसिएशन ऐच्छिक आहे आणि ती व्यवसायाची बाजू सांभाळते: शिक्षण, परिषदा, धोरणांवर परिचारिकांचं म्हणणं. १९०५ मध्ये लखनौला नर्सिंग सुपरिटेंडेंटांची संघटना निघाली, १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन उभी राहिली आणि १९१० पासून ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ निघतंय, हा इतिहास तुम्ही दोन वाक्यांत उरकायचात. ‘बदली थांबेल’ असं आमिष मात्र कुणालाच दाखवलं नाहीत. तसं सांगून फॉर्म भरून घेतला, की तीच सिस्टर पुढे दहा जणींना फॉर्म भरू देत नाही.

वेळेची निवडही तुमचीच. दुपारी दोनला दोन्ही पाळ्यांचा स्टाफ एकत्र भेटतो, म्हणून सगळे तेव्हाच फॉर्म वाटतात. पण एकीचं लक्ष हँडओव्हरमध्ये असतं आणि दुसरीचं एसटीच्या वेळेकडे. तुम्ही नाइट ड्युटी धरलीत. रात्रीचे डोस देऊन, नोंदी लिहून झाल्यावर, पहाटेची सॅम्पलं सुरू व्हायच्या आधी. तेही वॉर्डात दोघी असतील आणि दुसरी पेशंटपाशी असेल तरच. एका रात्री एकीशीच बोलणं. अॅडमिशन आली की फॉर्म मिटवायचा, विषय पुढच्या नाइटला.

सगळ्यांत मोलाची गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय लक्षातही आली नसती. तुमच्या स्वतःच्या वॉर्डातल्या स्टाफला तुम्ही कधीच विचारलं नाहीत. ड्युटी लिस्ट तुम्ही लावता, मग ज्युनिअर सिस्टर ‘नाही’ कसं म्हणणार? तुमच्या वॉर्डात सर्जिकलच्या इन्चार्ज गेल्या, त्यांच्या वॉर्डात तुम्ही. अशी अदलाबदल केली की झालेला होकार खरा असतो.

आणि कागद! नकार फार थोड्या जणी देतात, अडतं ते कागदांवर. कौन्सिलच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. म्हणून तुम्ही फॉर्मला हात लावण्याआधी तीनही कागद शेजारी ठेवून नावं अक्षरशः बोट ठेवून जुळवायचात. जुळलं नाही तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत आधी मागवायची, फॉर्म त्यानंतर. कौन्सिल नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही तेव्हाच बघायची, कारण मुदत संपलेल्या दाखल्याची झेरॉक्स लावली की फॉर्म परत येतो आणि भरणारीचा उत्साहही मावळतो. पत्ता क्वार्टरचा नको, घरचा, पिनकोडसकट. बदली झाली की क्वार्टरवरची टपाल कुणी पाठवत नाही. (‘कुणीतरी पाठवेल’ असं म्हणणाऱ्यांना तुम्ही ज्या नजरेने बघायचात, तीही पद्धतीचा भाग समजावी.)

पैशांना तुम्ही हात लावला नाहीत. वर्गणी जिची तिने भरायची, शक्यतो स्वतःच्या खात्यातून. नवऱ्याच्या यूपीआयवरून गेली तर नावाशी मेळ लागत नाही, म्हणून अशा वेळी व्यवहार क्रमांक फॉर्मच्या मागे पेन्सिलने. रोख गोळा केली की पाच जणींचे पैसे आणि चार फॉर्म असा हिशोब उरतो, हे वॉर्डातल्या वाढदिवसाच्या वर्गणीवरून सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ब्रदर मंडळींकडे, म्हणजे पुरुष परिचारकांकडे, आधी कुणी वळतच नसे, जणू असोसिएशन फक्त सिस्टरांची. तुम्ही ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि कॅज्युअल्टीची यादी वेगळी काढलीत, एवढ्यानेच ते काम झालं.

हे सगळे फॉर्म ठेवायची तुमची निळी फाइल आता मेट्रन ऑफिसच्या कपाटात, दुसऱ्या खणात आहे. त्यातले दोन फॉर्म राजपत्राच्या प्रतीसाठी थांबले आहेत. प्रती आल्या की नव्या वॉर्डात तुम्हाला फोन करून सांगू, पण दोनला नाही.

आपल्या,
शाखेच्या कार्यकारिणीतील सिस्टर आणि ब्रदर