रामटेकची वानरं आणि बाबांच्या गोळ्या

प्रिय आई-बाबा,

मे महिन्यात मी येत नाहीये. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. शिक्षकांच्या कार्यशाळेत उत्क्रांतीचे तास घ्यायचं कबूल करून बसले आणि तारखा नेमक्या त्याच निघाल्या. नाही म्हणता आलं असतं, हेही खरं. पण दिवाळीत बाबांवर आवाज चढवून आल्यापासून वाटतंय, की शांतपणे सांगता येत नसेल तर इतकी वर्षं शिकवून काय उपयोग?

बाबा, तुम्ही विचारलंत, "माकडाचा माणूस झाला, तर रामटेकची वानरं अजून उड्या कशी मारून राहिली?" मी हसले. नको होतं हसायला. पणजोबांची एक पाती उमरेडहून अमरावतीला गेली, एक नागपुरात, महाल भागात आली. आपण नागपूरकर झालो म्हणून अमरावतीकर संपले का? वानर आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ. वाटा फुटल्या अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. (त्याच चुलतभावाने माझा पेढा पळवला, तेव्हा गड उतरेपर्यंत मी तुमच्या खांद्यावर होते.)

आणि "उत्क्रांती डोळ्यांनी पाहिली कोणी?" आपल्याच घरात, बाबा. 1996 साली चार-चार गोळ्या एकदम कशाला म्हणून तुम्ही चिडायचात, आई सहा महिने कॅलेंडरवर फुल्या मारायची. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंत एखादा योगायोगाने एका औषधाला न जुमानणारा निघतो. तेच एक औषध दिलं की बाकीचे मरतात, त्याची प्रजा वाढते. 1940 च्या दशकात नुसतं स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या अनेकांचं हेच झालं: आधी उतार, काही महिन्यांत औषध लागू पडेना. एकाला न जुमानणारा दुसऱ्याने मरतो, म्हणून तीन-चार एकदम. बदल योगायोगाने होतो. टिकणार कोण, ते नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिरात जायला यातलं काही आड येत नाही, मीही येतेच की.

आता ऐका. ड्रॉवरमधली अँटिबायोटिकची उरलेली पट्टी बंद. सर्दीला दोन घेतल्यात म्हणे! सर्दी विषाणूंची, तिला त्या लागू पडत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही.

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस रविवारी येईल, पैसे दिलेत. आई, पाणी भरताना बटण बंद कर, आणि भर दुपारी कुरडया बघायला गच्चीवर जाऊ नकोस गं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं काढलीत. ओजसला रामटेकला नेऊ. वानरांचं त्याला तुम्हीच सांगा बाबा, तुम्हाला पटेल तसं. मी मध्ये बोलणार नाही. बहुतेक.

तुमची,
मनू