वावरांची नावे नकाशात येऊ द्या

महोदय,

2021 साली 23 गावे पुणे महापालिकेत आली, त्यात माझं माहेर मांजरी बुद्रुकही आलं. परवा भावाकडे गेले तर आमचं वडाचं वावर होतं तिथे ‘लेन नं. 4’ अशी पाटी! मी 71 वर्षांची आहे. त्या पाटीखाली बराच वेळ नुसती उभी राहिले.

आजोबांना गट नंबर कधी पाठ नव्हता. त्यांच्या तोंडी वडाचं वावर, लांबुळकी, विहिरीची पट्टी आणि चोपण. चोपण म्हणजे कालव्याचं पाणी पिऊन पिऊन मीठ फुटलेला तुकडा. तिथे धड काही येत नसे, तरी दरवर्षी ते धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, टाकून बघायचे.

कालव्याची पाळी रात्रीची आली की कंदील, फावडं आणि घोंगडी घेऊन ते दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जात. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या संध्याकाळीच बांधून ओल्या पोत्याखाली ठेवायच्या, आणि मध्यरात्री गाडी मंडईकडे निघायची. मी दोनदा गेलेय त्यांच्याबरोबर. हडपसर मागे पडलं की कासरा सैल सोडून ते डोळा लावत. बैलांना वाट पाठ होती. तरुणपणी परतताना ते उसासाठी शहरातलं सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, भरून आणत. धुतल्याशिवाय गाडी अंगणात घ्यायची नाही, हा आजीचा दंडक.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पेठांत पाणी शिरलं ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे उलट झालं, खडकवासल्यावरून येणारा कालवाच कोरडा पडला. आजोबांनी अडगळीतली मोट, बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची, काढली, चामड्याला तेल पाजलं, नाडा आणि सोंदूर हे तिचे दोर नवे वळले आणि विहिरीची पट्टी जगवली. मोट थारोळ्यात, विहिरीकाठच्या कुंडीत, रिती व्हायची तो आवाज माझ्या कानात अजून आहे. ती विहीर आता बुजवलीय, वर गाड्या लावतात.

घरं झाली याबद्दल माझी तक्रार नाही, आम्हीच जमीन विकली. मागणं एवढंच, की गल्ल्यांची नावे ठरवताना पालिकेने आधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावं. सातबारा जाऊन मालमत्ता पत्रक येईल, पण ही नावे मुळात सातबाऱ्यावरही नव्हती. ती तोंडातच राहिली, आणि सगळं शिवार पायाखाली घातलेली माणसं आमच्या आळीत आता चारच उरलीत.

एखाद्या शनिवारी कुणी कर्मचारी नकाशा घेऊन आला तर मी चौघांनाही भावाच्या ओट्यावर बोलावते. वडाच्या वावराची हद्द मी स्वतः चालून दाखवीन. वड गेला, पण बांधाचा दगड अजून आहे, एका सोसायटीच्या फाटकाच्या आत.

– एक माहेरवाशीण, पुणे